‘विकलं की पैसे देतो’ म्हणणाऱ्या दुकानात काम ठेवताय? कन्साईनमेंटचा करार कसा करायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत

सोलापुरात चित्रं काढणारे, टेराकोटा करणारे, मागावर वॉल हँगिंग विणणारे, घरी बसून रेझिनची घड्याळं नाहीतर मंडला करणाऱ्या मुली, या सगळ्यांना कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, "ठेवा की ओ आपल्याकडे दोन-चार पीस, विकलं की पैसे देतो." आणि आपण ठेवतो. कागदबिगद काही नाही, कारण माणूस ओळखीतला, कागद मागितला तर त्याला वाटायचं आपला विश्वास नाही. मग सहा महिन्यांनी फोन करून विचारायचं, माझ्या त्या मोठ्या फ्रेमचं काय झालं हो, तर उत्तर येतं "बघून सांगतो". त्या बघून सांगतो ला शेवट नसतो.

लोक कमिशनच्या टक्क्यांवर तासभर घासाघीस करतात, ४० म्हणतो तर ३० करा, ३५ वर या. पण मी आजवर जेवढी भांडणं बघितली त्यातली टक्क्यांवरून फार कमी. भांडण होतं ते काय काय ठेवलं होतं, पैसे कधी द्यायचे ठरले होते, आणि फुटलं-हरवलं तर भरपाई कोणी द्यायची यावरून. या तीन गोष्टी कागदावर असतील तर ५ टक्के जास्त गेले तरी चालतील असं माझं स्पष्ट मत आहे. आता एकेक बघू.

आधी व्यवहार कुठला आहे ते ठरवा

दुकानदार "ठेवा" म्हणाला की त्याचे चार अर्थ होऊ शकतात, आणि बऱ्याचदा त्याच्या डोक्यात एक असतो, आपल्या डोक्यात दुसरा.

एक, सरळ खरेदी. त्यानं तुमच्याकडून माल घेतला, पैसे दिले किंवा उधारी ठेवली, पुढं तो कितीला विकतो त्याच्याशी तुमचा संबंध नाही. यात तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, असेल (फुकट होतं, ऑनलाइन, आधारवर) तर छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरली असली तरी ४५ दिवसांच्या पुढं पैसे अडवता येत नाहीत, काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस, आणि त्यावर उशीर झाला तर चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. हे सरळ खरेदीला नीट लागू पडतं, कन्साईनमेंटला त्याच्यावर विसंबून राहू नका.

दोन, जांगड. साडीवाले, सोन्याचांदीवाले यांना हे पाठ असतं. माल बघायला नेला, पसंत पडला तर ठेवला, नाही तर परत. यात १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे ठरलेल्या मुदतीत परत केला नाही तर त्यानं तो घेतला असंच धरतात, म्हणजे तो तुमचा पैसे देणेकरी झाला.

तीन, कन्साईनमेंट. माल शेवटपर्यंत तुमचा, तो फक्त तुमच्या वतीनं विकतो आणि कमिशन घेतो. गिऱ्हाइकानं घेतलं तरच पैसे. कायद्यानं तो तुमचा एजंट, आणि विकलं जाईपर्यंत वस्तू त्याच्याकडे ठेव म्हणून असते. दोन्हीचे नियम १८७२ च्या करार कायद्यात आहेत, एवढा जुना कायदा आहे पण आजही याच्यावरच सगळं चालतं.

चार, भिंत भाड्यानं. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत आर्टिस्ट हॉल घेतो तसं, भाडं तुम्ही भरायचं, विक्री तुमची. आता काही कॅफेवालेही महिन्याला भाडं आणि वर कमिशनही मागतात, म्हणजे दोन्हीकडून. तिथं सरळ विचारा, भाडं घेताय तर कमिशन कशाचं?

करारात पहिलंच वाक्य हे असू द्या: "सदर वस्तू विक्रीसाठी कन्साईनमेंट तत्त्वावर ठेवल्या असून पूर्ण विक्री रक्कम कलाकाराला मिळेपर्यंत त्या कलाकाराच्या मालकीच्या राहतील." हे वाक्य पुढं किती ठिकाणी कामाला येतं ते कळेलच.

दुकान आधी बघून घ्या, मग बोला

गिऱ्हाईक म्हणून एकदा जा, काही न बोलता. तुमच्यासारखं काम कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय, त्याच्यावर धूळ आहे का, किमतीचं लेबल आहे का. नोकराला विचारा हे कोणी केलंय, तर त्याला सांगता येतं का बघा. मागं नवी पेठेतल्या एका दुकानात वॉटरकलरच्या तीन फ्रेम काचेच्या शोकेसमध्ये, पश्चिमेला तोंड करून टांगलेल्या होत्या. एप्रिलचा महिना, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीय, चाळीसच्या वर पारा. दुपारी तीननंतर सगळं ऊन थेट कागदावर. निळा रंग राखाडी झालेला आणि माउंटचा, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड कागदाचा, कडेचा भाग, जो फ्रेमच्या खाली झाकलेला असतो, तेवढाच मूळ रंगात राहिलेला. ती चित्रं कोणाची होती माहीत नाही, पण त्या कलाकाराला अजून वाटत असणार की माल दुकानात सुखरूप आहे.

त्यामुळं काम कसं ठेवायचं हे करारात लिहिणं म्हणजे फाजील लाड नाहीत. थेट ऊन नको, एसीच्या पाण्याखाली नको, ओल्या भिंतीला टेकवून नको, रेझिन आणि वॅक्स असेल तर शोकेसच्या दिव्याजवळ नको. दोन ओळीत होतं.

आणि आधी ज्यांनी तिथं माल ठेवलाय अशा एक-दोघांना फोन करा. पैसे वेळेवर देतात का एवढंच विचारा, बाकीच्या गप्पा नकोत. सोलापूर एवढं मोठं नाही की हे कळणार नाही, कन्ना चौकातली गोष्ट संध्याकाळपर्यंत सात रस्त्याला पोचलेली असते.

यादी: हाच खरा करार

मी तर म्हणते बाकी करार दोन ओळींचा असला तरी चालेल पण यादी पाहिजे. "६ फ्रेम मिळाल्या" असं बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलेली चिठ्ठी म्हणजे यादी नाही. कुठल्या सहा? आणि तीन विकल्या म्हटल्यावर कुठल्या तीन?

प्रत्येक पीसला नंबर द्या. स्वतःची पद्धत ठेवा, समजा तुमच्या नावाची दोन अक्षरं, वर्ष आणि क्रमांक. तो नंबर चित्राच्या मागे पेन्सिलनं, मूर्तीच्या तळाला, कापडाला शिवलेल्या छोट्या पट्टीवर. नुसतं स्टिकर लावलं तर ते निघतं, काढताही येतं. मग यादीत प्रत्येकासमोर एवढं: नंबर, नाव, माध्यम, माप (फ्रेम धरून आणि न धरता, दोन्ही), फ्रेम कोणाची, विक्रीची किंमत, कलाकाराला मिळणारी रक्कम, ठेवल्याची तारीख, आणि माल कुठल्या अवस्थेत होता ते. एक ओळ अशी दिसेल:

"अब/२५/०७, भुईकोट किल्ला संध्याकाळ, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, १८ बाय २४ इंच, फ्रेमसह २१ बाय २७, फ्रेम कलाकाराची, विक्री किंमत ₹६,०००, कलाकाराचा वाटा ₹३,९००, अवस्था चांगली, खाली उजव्या कोपऱ्यात फ्रेमला बारीक ओरखडा."

तो ओरखडा स्वतःहून लिहा. तुम्ही प्रामाणिक आहात म्हणून नाही तर उद्या दुसरा ओरखडा पडला की यादीत फक्त एकच होता हे सिद्ध होतं. फोटो काढा, पुढून, मागून, चारही कोपरे, आणि दुकानात ठेवल्यावर तिथला एक. सगळे व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी मालकाला पाठवा, खाली लिहा "आज हे ७ पीस दिले, यादी सोबत", त्याचं "ओके" आलं की झालं. पण व्हॉट्सॲपवरच थांबू नका, कागदावर सही शिक्का हवाच, कारण चॅट कोर्टात द्यायचं तर त्यासोबत वेगळं सर्टिफिकेट लागतं, फोन बदलला, चॅट उडालं की संपलं.

यादीच्या दोन प्रती. नवीन माल दिला की नवीन यादी, परत आणला की परतीची यादी, त्याच्यावरही सही. सही कोणाची? मालकाची, नाहीतर करारात ज्याचं नाव लिहिलंय त्या मॅनेजरची. "पोराकडं देऊन गेलो" ही पोचपावती होत नाही, तो पोरगा पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानात असतो.

कमिशनचे टक्के आणि त्यातली गंमत

गिफ्ट शॉप, बुटीक, हॉटेलची लॉबी यांच्याकडे २५ ते ४० च्या मध्ये काहीतरी मागतात, गॅलऱ्या ३० पासून ५० पर्यंत जातात. ५० ऐकून लगेच चिडू नका, ती गॅलरी ओपनिंग करते का, कॅटलॉग छापते का, गिऱ्हाइकांना फोन करते का ते बघा. नुसतं भिंतीला लटकवून ५० मागत असेल तर मात्र चिडा.

टक्के ठरले तरी ते कशाचे टक्के हे ठरलेलं नसतं, खरी गडबड इथं आहे. वरचंच चित्र घ्या, ₹६,०००, कमिशन ३५ टक्के. दुकानाला ₹२,१००, तुम्हाला ₹३,९००. सोपं.

आता गिऱ्हाईक म्हणालं थोडं कमी करा, दुकानदारानं १० टक्के सोडले. ₹५,४०० आले. त्याच्यावर ३५ टक्के म्हणजे ₹१,८९०, तुम्हाला ₹३,५१०. तुमचे ३९० गेले आणि त्याचे २१०, न विचारता. सूट त्याच्या वाट्यातून असेल तर तुम्हाला ३,९०० च आणि त्याला १,५००. दोन्ही पद्धती चालतात, पण लिहा. मला बरी वाटते ती अशी: १० टक्क्यांपर्यंतची सूट दुकानानं स्वतःच्या कमिशनमधून द्यायची, त्यापुढं द्यायची तर कलाकाराला फोन करून, आणि मग दोघांनी निम्मी-निम्मी सोसायची. किंवा सरळ उलट करा, "कलाकाराला प्रत्येक पीसमागे यादीतली रक्कम मिळेल" एवढंच ठेवा, वर काय सोडायचं ते त्याचं तो बघेल. छोट्या वस्तूंना, घड्याळं, कोस्टर, कीचेन वगैरेला हेच सोपं जातं.

न विचारता कमी किमतीत विकलं तर गिऱ्हाइकाकडून वस्तू परत मागता येते का? नाही येत. ज्याचा धंदाच दुसऱ्याचा माल विकायचा आहे त्याच्याकडून चांगल्या भावनेनं विकत घेतलेल्याला कायदा संरक्षण देतो. तुमचं भांडण दुकानदाराशी, फरकाच्या रकमेचं. म्हणून किमान किंमत लिहिलेली पाहिजे, नाहीतर फरक काढणार कशावरून.

फ्रेमचा खर्च तुम्ही केला असेल तर तो आधी वजा करायला सांगा. फ्रेम ₹९०० ची असेल तर ६,००० मधून ९०० काढून ५,१०० वर ३५ टक्के, म्हणजे १,७८५, आणि तुमच्या हातात ४,२१५. फ्रेमवाल्याला दिलेल्या पैशावर दुकानाला कमिशन का द्यायचं? बरेच दुकानदार हे मान्य करतात, फक्त कुणी विचारत नाही.

जीएसटी, थोडक्यात पण वाचाच

"३५ टक्के प्लस जीएसटी" असं कोणी म्हणालं तर कान टवकारा. कमिशन ही सेवा, त्याच्यावर १८ टक्के. ₹२,१०० वर ₹३७८. तुमची उलाढाल कमी आहे, जीएसटी रजिस्ट्रेशन नाही, तर ते ३७८ तुम्हाला कुठून परत मिळत नाहीत, म्हणजे हातात ₹३,५२२ आणि खरं कमिशन झालं ४१.३ टक्के. दुकानदार फसवतोय असं नाही, तो रजिस्टर्ड असेल तर त्याला लावावाच लागतो, पण बोलताना "सगळं धरून ३५" असं ठरवून घेता येतं.

दुसरं, लेबलवरची किंमत जीएसटी धरून आहे का वेगळी, आणि कमिशन हे टॅक्स काढून उरलेल्या रकमेवर लावायचं का सगळ्या रकमेवर. टॅक्स काढून हेच बरोबर, तो पैसा ना तुमचा ना त्याचा.

महाराष्ट्रात नुसत्या वस्तू विकणाऱ्याला उलाढाल ४० लाखांच्या पुढं गेली की रजिस्ट्रेशन लागतं, आपल्यातल्या बहुतेकांचा प्रश्न मिटला. तुम्ही रजिस्टर्ड असाल तर मात्र बिल कोणाच्या नावानं फाटतं ते बघावं लागतं. गॅलरी स्वतःच्या नावानं बिल देत असेल तर तुम्ही माल तिच्याकडे पाठवला तेव्हाच सप्लाय झाला असं धरतात, टॅक्स इनव्हॉइस तेव्हाच. तुमच्या नावानं बिल देत असेल तर तसं नाही. माल राज्याबाहेर, समजा हैदराबादला किंवा विजापूर-बेंगळुरूला पाठवायचा असेल तर रजिस्टर्ड नसलात तरी आधी सीएला विचारा, हस्तकलेच्या वस्तूंना सवलती आहेत पण त्यांच्या अटी आहेत आणि माल वाहतुकीच्या ई-वे बिलाचंही वेगळं आहे. फोनवर दहा मिनिटांचं काम आहे.

पैसे कधी, कसे, आणि हिशोब

"विकल्यावर" ही तारीख नाही. लिहायचं असं: "प्रत्येक महिन्यात झालेल्या विक्रीचा हिशोब व पैसे पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कलाकाराच्या बँक खात्यात." काही विकलं नसेल तरी "या महिन्यात विक्री नाही, शिल्लक ७ पीस" एवढा मेसेज यायलाच हवा, हे मुद्दाम लिहा. कारण न आलेला मेसेज हीच पहिली खूण असते. विकलेल्या पीसचे पैसे दुसऱ्या कुठल्या उधारीत वळते करायचे नाहीत, गिऱ्हाइकानं हप्त्यात घेतलं तरी कलाकाराला पूर्ण पैसे कधी मिळणार तेही.

हिशोबात यादीतला नंबर, विक्रीची तारीख, विकलेली किंमत, वजा झालेलं कमिशन, दिलेली रक्कम. बिलाची झेरॉक्स मागायचा हक्क ठेवा. करार कायद्यात एजंटनं मालकाला मागितल्यावर हिशोब द्यायचा आणि त्याच्यासाठी आलेली रक्कम द्यायची हे आहेच, पण कायदा दहा तारीख सांगत नाही, ती तुम्ही सांगायची.

उशिराला व्याज लिहा, महिन्याला दीड टक्का वगैरे. मिळेल न मिळेल, पण दहा तारीख लक्षात राहते.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात, दिवाळीत, लग्नसराईत दुकानात गर्दी असते, मालकाला फोन उचलायलाही वेळ नसतो. तेव्हा हिशोबावरून डोकं खाऊ नका पण यात्रा संपली की लगेच जाऊन शिल्लक मोजून या. गर्दीत नोंद न होता गेलेला पीस आठवड्याभरात सापडतो, तीन महिन्यांनी नाही.

फुटलं, चोरीला गेलं, आग लागली

हा भाग लोक वाचत नाहीत. वाचा. कायदा असं म्हणतो की ज्याच्याकडे ठेव आहे त्यानं साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. ती घेतली आणि तरी चोरी झाली तर तो जबाबदार नाही, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणजे दुकानदार म्हणणार, कुलूप होतं, सीसीटीव्ही होता, मी काय करू. आणि त्याचं बरोबर असेल.

म्हणून वेगळं ठरवा. "वस्तू ताब्यात घेतल्यापासून परत देईपर्यंत हरवणे, चोरी, तुटणे, आग, पाणी यामुळे झालेल्या नुकसानीला दुकान जबाबदार राहील आणि यादीतील कलाकाराचा वाटा भरपाई म्हणून देईल." भरपाई कलाकाराच्या वाट्याइतकी, रंग-कॅनव्हासच्या खर्चाइतकी नाही, नाहीतर सहा हजारांच्या चित्राचे आठशे रुपये हातावर टेकवतील. काही दुकानदार एवढं मान्य करणार नाहीत, मग निदान हाताळताना तुटलं आणि चोरी एवढ्याला तरी हो म्हणायला लावा.

"आमचा इन्शुरन्स आहे" हे ऐकून समाधान मानू नका. आगीच्या बऱ्याच पॉलिसींत महागड्या कलाकृती आणि कमिशनवर किंवा विश्वासानं ठेवलेला दुसऱ्याचा माल हे दोन्ही, पॉलिसीत वेगळं नमूद केल्याशिवाय, धरलेले नसतात. म्हणजे दुकान जळालं तर त्याच्या चादरीचे पैसे येतील, तुमच्या चित्राचे नाही. पॉलिसीचं ते पान बघायला मागा, किंवा इन्शुरन्स एजंटला फोन लावून समोरच विचारायला सांगा.

नेण्या-आणण्याचा खर्च आणि वाटेतली जोखीम कोणाची हेही. साधारण जाताना तुमची, परत येताना त्यांची असं चालतं. पुण्याला पाठवताना पॅकिंगचा व्हिडिओ काढून ठेवा, बसच्या टपावरून गेलेल्या काचेच्या फ्रेमचं काय होतं ते सांगायला नको.

माल तुमचा आहे हे तिसऱ्याला कसं कळणार

दुकानदार भला माणूस असतो पण त्याच्यावर कर्ज असतं. बँकेची कॅश क्रेडिट असेल तर दुकानातला सगळा स्टॉक बँकेकडे तारण असतो, दुकान बुडालं किंवा भाडं थकून घरमालकानं कुलूप लावलं तर आत काय कोणाचं हे कोण बघतंय. त्या दिवशी सही-शिक्क्याची यादी आणि पीसवरचा नंबर हाच तुमचा पुरावा. दुकानातही लेबलवर बारीक अक्षरात "कन्साईनमेंट, मालक: कलाकार" लिहायला सांगा. आणि करारात हे घाला की दुकान या वस्तू गहाण ठेवणार नाही, स्वतःचा स्टॉक म्हणून बँकेला दाखवणार नाही, आणि कमिशन येणं आहे म्हणून अडवून ठेवणार नाही. शेवटचं महत्त्वाचं, कारण एजंटला येणी बाकी असतील तर माल अडवायचा हक्क कायद्यानं आहे, करारात नाही म्हटलं तरच तो जातो.

तुमचा माल दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या गावच्या प्रदर्शनात विचारल्याशिवाय हलवायचा नाही, हेही एका ओळीत.

"दुसरीकडं देऊ नका"

गॅलरीवाले म्हणतात तुमचं काम फक्त आमच्याकडंच. चालेल, पण हद्द आणि मुदत पाहिजे. सोलापूर शहरापुरतं, या मालिकेतल्या चित्रांपुरतं, एक वर्ष. अख्ख्या महाराष्ट्रापुरतं मागत असेल तर बदल्यात काय देतोय, वर्षाला अमुक एवढी खरेदी नक्की करतोय का? करार संपल्यानंतरही दुसरीकडं विकू नका असं कलम असेल तर ते कायद्यापुढं सहसा टिकत नाही, तरी सही करू नका.

आणि इन्स्टावरची विक्री. दुकानात बघितलेलं गिऱ्हाईक तुम्हाला मेसेज करून म्हणतं तिकडं ६,००० सांगतायत, मला थेट ४,५०० ला द्या ना. देऊ नका. दुकानातल्या किमतीच्या खाली स्वतः विकलं की दुकानदार तुम्हाला परत उभं करणार नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. करारात लिहा की दुकानात असलेल्या पीसची विक्री दुकानामार्फतच, बाकी कामाची तुमची तुम्ही.

कॉपीराइट

चित्र विकलं म्हणजे त्याचे प्रिंट, मग, टी-शर्ट काढायचा हक्क विकला असं होत नाही. तो तुमच्याकडेच, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं. दुकानाला जाहिरातीपुरता फोटो वापरायला द्या, नावासकट, बाकी नाही. मग-बिग काढायचे असतील तर वेगळा लेखी करार, त्यात मुदत आणि कुठं विकणार ते, कारण लेखी हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर सगळा भारत असं धरतात.

एक अडचण कुणाच्या लक्षात येत नाही: ऑर्डरचं काम. दुकानामार्फत कोणी आई-वडिलांचं पोर्ट्रेट पैसे देऊन करून घेतलं, तर वेगळं काही ठरलेलं नसताना त्याचा कॉपीराइट करून घेणाऱ्याचा होतो. घरगुती पोर्ट्रेटला काही फरक पडत नाही. पण हॉटेलवाल्यानं लॉबीसाठी सिद्धेश्वर तळ्याचं मोठं पेंटिंग ऑर्डर देऊन करून घेतलं आणि उद्या मेनू कार्डावर, कॅलेंडरवर छापलं तर बोलायला जागा राहत नाही. ऑर्डर घेतानाच एक ओळ: कॉपीराइट कलाकाराकडे.

₹१०,००० च्या वर परत विकल्या गेलेल्या मूळ चित्राच्या किमतीत कलाकाराला वाटा मिळायची तरतूदही या कायद्यात आहे. पण त्यासाठी चित्र कोणाकडे गेलं हे तर माहीत हवं, म्हणून गिऱ्हाइकाचं नाव-गाव मागून घ्या. गॅलरी सहजी देत नाही, मी तरी मागतेच.

मुदत आणि परत घेणं

सहा महिने ठीक. सहा महिन्यात काही हललं नाही तर ते दुकान तुमच्या कामाचं नाही, किंवा तुमचं काम त्या दुकानाचं. मुदत संपण्याआधीही कोणीही १५ दिवसांची लेखी सूचना देऊन थांबू शकेल, आणि सूचनेनंतर ७ दिवसात शिल्लक माल आणि पैसे. तुम्ही न्यायला गेला नाहीत तर किती दिवस सांभाळायचं हेही लिहा, दुकानदाराचीही बाजू असते, दोन-दोन वर्षं कोणाच्या मूर्ती पोटमाळ्यावर ठेवायच्या.

मालक वारला, दुकान विकलं, भागीदार वेगळे झाले तर करार आपोआप संपेल आणि माल परत, हे घातलंत तर बरं. बाप-लेकांच्या दुकानात नवीन पिढीला जुनी बोली माहीतच नसते.

स्टँप आणि सही

महाराष्ट्रात १०० चा स्टँप पेपर ऑक्टोबर २०२४ पासून बंद, आता ₹५०० चा. पाच हजारांच्या मालासाठी पाचशेचा स्टँप जिवावर येतो, मान्य. पण बिनस्टँपचा करार कोर्टात पुरावा म्हणून चालवायचा तर आधी ती ड्युटी आणि दंड भरावा लागतो, करार रद्दबातल होतो असं मात्र नाही. म्हणून हिशोब करा: माल पंचवीस-तीस हजारांच्या वर असेल तर स्टँपवर, त्याखाली असेल तर साध्या कागदावर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि यादी. काहीच नसण्यापेक्षा लाखपट बरं. करार एकदा स्टँपवर करायचा आणि पुढच्या याद्या "सदर करारानुसार" म्हणून जोडत जायच्या, दरवेळी पाचशे नकोत.

करारात दुकानाचं नाव नुसतं पाटीवरचं नको. मालकाचं पूर्ण नाव, पॅन किंवा जीएसटी नंबर, पत्ता. आणि वाद झाला तर कुठलं कोर्ट. पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांच्या छापील करारात त्यांचं गाव असतं, "सोलापूर" करायला सांगा, ऐकतील असं नाही पण विचारायला काय जातंय.

आणि "अहो मालक, आपल्यात कशाला कागद?" याला उत्तर तयार ठेवा. मी म्हणते, "तुमच्यासाठी नाही ओ, माझ्या सीएला हिशोबाला लागतो." सीए असो नसो. दुखावत कोणी नाही, सही होते. यादी मात्र तुम्हीच लिहून न्या, "तुम्ही बनवा" म्हटलं की ती कधीच बनत नाही.

पैसे अडकलेच तर

आधी प्रत्यक्ष जा आणि शिल्लक माल उचलून आणा. भांडायच्या आधी. विकलेल्याचे पैसे नंतर मागता येतात पण शोकेसमधला माल तोवर गायब होऊ शकतो. परतीची यादी करून सही घ्या, त्यातूनच काय काय विकलंय तेही लेखी होतं.

मग लेखी मागणी, व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर, रक्कम, पीसचे नंबर आणि तारीख टाकून, १५ दिवसांची मुदत देऊन. शिव्या, धमक्या, फेसबुकवर बदनामी काही नको, उलट तुमच्यावरच केस व्हायची. मग वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टानं, पोच घेऊन. बरीच प्रकरणं इथंच मिटतात, कारण रक्कम छोटी असते आणि नाव मोठं. दुकानदारानं तुमचा माल किंवा आलेले पैसे मुद्दाम हडप केले असतील तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हाही होऊ शकतो, पण नुसता उशीर म्हणजे गुन्हा नाही, पोलीस स्टेशनला गेलात तर "सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवतील, त्यामुळं यादी हातात असल्याशिवाय तिकडं जाऊ नका.

वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. देतो-देतो मध्ये दोन वर्षं कधी निघून जातात कळत नाही, म्हणून अधूनमधून "एवढे देणं आहे" असं सही करून लिहून घ्या, मुदतीच्या आत घेतलेल्या अशा कबुलीनं तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. आणि दावा लावायच्या आधी जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करून बघा. केस दाखल न करताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, समोरच्याला बोलावणं जातं, तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या निकालाइतकाच जोर, आणि महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथून वकील फुकट मिळतो. जाताना करार, सगळ्या याद्या, चॅटच्या प्रिंट आणि बँकेचं स्टेटमेंट, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा.